लंडन ते केगाव: एका जिल्हा-विद्यापीठाची कुळकथा

सोलापुरातल्या दयानंद महाविद्यालयात वेगवेगळ्या काळात शिकलेल्या चौघांची पदवी प्रमाणपत्रे शेजारी-शेजारी मांडली, तर कॉलेज एकच आणि शिक्के चार, असे दिसेल. 1940 साली हे कॉलेज निघाले तेव्हा ते मुंबई विद्यापीठाला जोडलेले होते. 1949 नंतर पुण्याचा शिक्का आला, 1962 नंतर कोल्हापूरचा, आणि 2004 पासून सोलापूरचा. वर्गखोल्या हलल्या नाहीत, विद्यापीठ मात्र जवळ-जवळ येत गेले. सोलापूर विद्यापीठाची कुळकथा ती हीच.

या घराण्याचा मूळपुरुष लंडनचा. 1836 साली सनद मिळालेले लंडन विद्यापीठ स्वतः शिकवत नसे. शिकवायचे कॉलेजांनी, विद्यापीठाने परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. 1854 च्या वुडच्या खलित्याने हाच नमुना हिंदुस्थानासाठी सुचवला आणि 18 जुलै 1857 रोजी मुंबई विद्यापीठाचा कायदा झाला. 1862 साली तिथून पहिले बी.ए. बाहेर पडले, त्यांत न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. या विद्यापीठाला स्वतःचे अध्यापन विभाग मिळायला विसावे शतक उजाडावे लागले. ‘संलग्न महाविद्यालय’ हा आपल्याकडचा सर्वपरिचित प्रकार इथून सुरू झाला. विद्यापीठ म्हणजे परीक्षा, निकाल आणि शिक्का, ही समजूतही त्याच सुमारास मूळ धरून बसली.

स्वातंत्र्यानंतर वाटण्या सुरू झाल्या. 1949 साली पुणे विद्यापीठ झाले आणि सोलापूर तिकडे गेले. 18 नोव्हेंबर 1962 रोजी राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन झाले, तेव्हा सोलापूर कोल्हापूरच्या पदरात पडले. पुढची बेचाळीस वर्षे सोलापूरकरांसाठी ‘विद्यापीठात काम आहे’ याचा अर्थ ‘कोल्हापूरला जायचे आहे’ असा होता.

हे जाणे सोपे नव्हते. पंढरपूर-मिरज हा रेल्वेमार्ग विद्यापीठ वेगळे होईपर्यंत नॅरोगेजच होता, त्यामुळे भिस्त एसटीवर. अक्कलकोटच्या विद्यार्थ्याने आधी सोलापूर गाठायचे, मग मंगळवेढा, सांगोला, मिरज करत कोल्हापूर. गुणपत्रिकेत नावाची वेलांटी चुकली, निकाल राखून ठेवला गेला, मायग्रेशन हवे झाले, की ही वारी ठरलेली. चलन भरायचे, अर्ज आवक-जावकला द्यायचा, संबंधित टेबलावरचे साहेब जेवायला गेले असतील तर थांबायचे. आणि ‘प्राचार्यांची सही राहिली आहे’ असे कळले, की तसेच मागे फिरायचे. ज्याचे कोल्हापुरात कोणी नातेवाईक नव्हते, त्याची रात्र स्टँडवर. मुलीला असे एकटीने पाठवायला किती घरे तयार होत असतील, याचा अंदाज कोणालाही करता येईल.

या पार्श्वभूमीवर वेगळ्या विद्यापीठाची मागणी उभी राहिली. सोलापूरजवळच्या केगावला शिवाजी विद्यापीठाचे पदव्युत्तर केंद्र होतेच. सोलापूरचेच सुशीलकुमार शिंदे तेव्हा मुख्यमंत्री होते. 22 जुलै 2004 रोजी विद्यापीठाची स्थापना झाली, 1 ऑगस्टला उद्घाटन झाले, आणि हिंदीचे अभ्यासक डॉ. इरेश स्वामी पहिले कुलगुरू झाले. राज्यातल्या पारंपरिक विद्यापीठांमध्ये एकाच जिल्ह्यासाठी असलेले हे पहिले. पुण्या-मुंबईत याची थोडी थट्टाही झाली: एका जिल्ह्याला कसले विद्यापीठ? पण जगात हे नवल नाही. इंडोनेशियात बांका आणि बेलितुंग या कथलाच्या खाणींच्या बेटांचा 2000 साली वेगळा प्रांत झाला, 2006 साली तिथे विद्यापीठ निघाले आणि 2010 साली ते सरकारी झाले. मुलांना शिकायला समुद्र ओलांडून जावे लागू नये, हे त्यामागचे साधे कारण.

सोलापूरला समुद्र नाही. हद्दी मात्र पक्क्या आहेत. तुळजापूर सोलापूरपासून पंचेचाळीस किलोमीटरवर. तिथली माणसे दवाखान्याला, लग्नाच्या बस्त्याला सोलापुरात येतात. पण तिथल्या कॉलेजांचे विद्यापीठ छत्रपती संभाजीनगरला. कारण तुळजापूर निजामाच्या राज्यात होते आणि मराठवाडा विद्यापीठ 1958 साली त्याच भागासाठी निघाले. उलट करमाळ्याचा विद्यार्थी शंभरावर किलोमीटर कापून केगावला येतो. दक्षिणेला भीमेपलीकडे कर्नाटक. बोली तीच कन्नड, विद्यापीठ निराळे. विद्यापीठांच्या नकाशात संस्थाने आणि इंग्रजी मुलूख यांच्या रेघा अजून अशा जिवंत आहेत.

शिवाय जिल्ह्याचे सगळे शिक्षणही केगावच्या हाती नाही. सोलापूरच्या वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची, शेतीची पदवी राहुरीची.

नावाचा वादही या घराण्याला चुकला नाही. एका बाजूने ग्रामदैवत सिद्धेश्वरांच्या नावाची मागणी होती, दुसऱ्या बाजूने अहिल्यादेवींच्या. मोर्चे निघाले, निवेदने दिली गेली, आणि मार्च 2019 मध्ये ‘पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ’ हे नाव लागले. अहिल्यादेवींचा वाडा पंढरपुरात आहेच, त्यामुळे जिल्ह्याशी त्यांचे नाते ओढूनताणून आणलेले नाही. सिद्धेश्वरांचे तर गावच आहे. दोन्ही नावे सोलापूरचीच, म्हणून वाद अधिक बोचरा झाला.

जवळ आल्याचा फायदा निर्विवाद आहे. जी दुरुस्ती दोन दिवस खाई, ती आता सकाळच्या गाडीने जाऊन संध्याकाळी घरी परतण्याइतकी झाली. पण कोल्हापूरची खिडकी केगावला आणणे एवढ्यासाठीच चौथी पिढी जन्माला आली असेल, तर लंडनचा जुना वारसाच आपण जवळच्या पत्त्यावर हलवला. एका जिल्ह्याचे विद्यापीठ शोभते ते त्या जिल्ह्याला विषय मानल्यावर.

विषयांना तोटा नाही. दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडल आहे. तिथला शके 940 चा, म्हणजे इ.स. 1018 चा शिलालेख मराठीच्या आद्य लेखांत मोजला जातो. तो उजेडात आणला आनंद कुंभार यांनी; ते कुठल्या विद्यापीठाचे प्राध्यापक नव्हते, स्वतःच्या हौसेने गावोगाव दगड वाचत फिरणारे सोलापूरकर होते. केगावातच 2005 साली डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र आले, कारण सांगोल्या-पंढरपूरच्या माळावर डाळिंब होते. आणि शहरात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू या चार भाषा एका रिक्षात ऐकू येतात. 1874 साली स्थापन झालेल्या जुन्या गिरणीपासून पुढे उभा राहिलेला गिरणगाव विद्यापीठ येईपर्यंत जवळजवळ संपला होता. त्याचा इतिहास सांगणारी माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत.

पुरातत्त्व, भूशास्त्र, ग्रामीण विकास हे विभाग केगावला आहेत, तेव्हा सुरुवात झालेली आहे. ती पुढे नेणे एकट्या विद्यापीठाचे काम नाही. घरात गिरणीचे हजेरीकार्ड, मागाच्या हिशेबाच्या तेलुगू वह्या, मोडीतले दप्तर, एखाद्या बंद पडलेल्या वाचनालयाची नोंदवही असेल, तर रद्दीवाल्याला वजनावर देऊ नका. आधी केगावच्या एखाद्या अभ्यासकाला दाखवा. विद्यापीठ आता लांब नाही, तेव्हा ही सबबही उरलेली नाही.