ॲरे-सीमाभंग : कंपायलरचा इशारा

सी भाषेतील प्रोग्रॅम ॲरेच्या हद्दीबाहेरची जागा वाचतो किंवा लिहितो, हे कंपायलरने तो चालवण्याआधीच सांगणे. परभणी जिल्ह्याचे तालुके 9. त्यांचा पाऊस ‘इंट पाऊस[9]’ या ॲरेत ठेवला, तर घरांचे क्रमांक 0 ते 8 असे पडतात. परभणीला 0 आणि जिंतूरला 8 दिला, तर ‘पाऊस[9]’ हे घर जिंतूरच्या पलीकडचे, दुसऱ्याच कुठल्या तरी माहितीच्या मेमरीतले. चूक बहुधा लूपमध्ये होते : अटीत ‘9 पेक्षा कमी’ऐवजी ‘9 किंवा कमी’ लिहिले जाते.

सी भाषेचे मानक अशा वर्तनाची कोणतीच हमी देत नाही आणि कंपायलरवर इशाऱ्याचे बंधनही घालत नाही. थेट लिहिलेला चुकीचा क्रमांक क्लँग हा कंपायलर आपणहून दाखवतो. जीसीसी या कंपायलरला मात्र ‘वॉल’सोबत ‘ओ2’ हा पर्यायही द्यावा लागतो, कारण चलाची किंमत कोणत्या पल्ल्यात राहील याचा हिशेब तो ऑप्टिमायझेशन करतानाच मांडतो. नवशिके नेमके ‘ओ2’विना काम करतात आणि इशाऱ्याला मुकतात, ही खेदाची गोष्ट आहे. क्रमांक कीबोर्डवरून येत असेल, तर कंपायलरला तो आधी कळणे शक्य नाही. तेथे ॲड्रेस सॅनिटायझर हे प्रोग्रॅम चालताना सीमाभंग पकडणारे साधन लावून प्रोग्रॅम चालवून पाहावा.

प्रोग्रॅम न चालवता चुका शोधण्याच्या विश्लेषणात महाराष्ट्राचे काम मोलाचे आहे. आयआयटी मुंबईचे उदय खेडकर व अमिताभ सन्याल यांनी बागेश्री साठे यांच्यासह डेटा फ्लो ॲनालिसिसवर ग्रंथ लिहिला (2009). पुण्यात 1981 मध्ये सुरू झालेल्या टीआरडीडीसी या टाटांच्या संशोधन केंद्रातून ‘टीसीएस एम्बेडेड कोड ॲनालायझर’ पुढे आला. प्रोग्रॅम न चालवता तो शून्याने भागाकार, ॲरे-सीमाभंग अशा चुका हुडकतो.