दुसऱ्याच्या लेकरासाठी दूध

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी प्रत्येकीने दोन शब्द लिहावेत, असे अध्यक्षबाईंनी सांगितले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. हातात लाटणे बसते तशी लेखणी बसत नाही. तरी एका बाईंची हकीकत आपल्या भगिनींना सांगावी, असे पुष्कळ दिवस मनात होते. त्या बाई म्हणजे डॉ. आर्मिडा फर्नांडिस. मुंबईस शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात त्या नवजात बालकांच्या डॉक्टर होत्या.

त्यांचे नाव मला कसे कळले, ते आधी सांगते. माझे पहिले बाळंतपण माहेरी झाले. दिवस भरले नव्हते. मुलगी ओंजळीत मावेल एवढीच होती. वडीलधाऱ्या बायकांनी पहिले तीन दिवस पिवळा चीक पिळून टाकायला लावला. तो बाळाला बाधतो, अशी समजूत होती. बाळाला मधाचे बोट चाटवले आणि पाणी घातलेले गाईचे दूध बाटलीने पाजले. जुलाब लागले आणि नवव्या दिवशी ती गेली. कोणी वाईट हेतूने केले नाही. सगळ्यांनी मायेनेच केले. पुढे मुलगा झाला, नंतर धाकटी लेक झाली. ही लेक आता छत्रपती संभाजीनगरला नर्सिंग शिकते. गेल्या दिवाळीत करंज्या करता करता तिने मला या डॉक्टरीणबाईंविषयी सांगितले. ऐकता ऐकता माझ्या हातातली करंजी तशीच राहिली.

शीवचे हे रुग्णालय महानगरपालिकेचे आहे. जवळच धारावीची वस्ती. हातावर पोट असलेल्या घरच्या बाया तेथे बाळंतपणाला येतात. अपुऱ्या दिवसांची, कमी वजनाची मुले तेथे पुष्कळ जन्मत. अशा मुलांना डब्यातल्या भुकटीचे दूध बाटलीने द्यावे आणि आईला विभागाबाहेर ठेवावे, अशी तेव्हाची रीत. बाटलीतून जंतू पोटात जात आणि मुले दगावत. परिचारिका थोड्या, मुले फार. अशा वेळी एखाद्याने नवी यंत्रे मागितली असती. या बाईंनी आयांना आत घेतले. हात स्वच्छ धुऊन आईनेच आपल्या बाळाचे करावे, त्याला आपलेच दूध द्यावे, असे त्यांनी सुरू केले. बाटल्या आणि भुकटीचे डबे विभागातून काढून टाकले. जी आई दाराबाहेर रडत बसायची, तिच्याच हाती बाळाचे औषध होते, हे त्यांनी ओळखले.

पण जिची आई आजारी आहे, किंवा जिला दूधच येत नाही, त्या बाळाचे काय? यासाठी त्यांनी 1989 साली त्याच रुग्णालयात आईच्या दुधाची पेढी काढली. भारतातलीच नव्हे, तर आशिया खंडातली ही पहिली दूधपेढी. जगातली पहिली पेढी 1909 साली ऑस्ट्रिया देशात व्हिएन्ना शहरी निघाली होती. पण 1980 नंतरच्या दशकात एड्सच्या भीतीने परदेशातल्या पुष्कळ पेढ्या बंद पडत होत्या. नेमक्या त्याच काळात मुंबईत ही पेढी उघडली, यावरून बाईंची हिंमत कळते.

सावकाराची पेढी आपल्याला ठाऊक आहे. येथे मात्र ठेवणारी एक आणि नेणारी दुसरी, व्याज काहीच नाही. ज्या बाळंतिणीला आपल्या बाळाला पुरून दूध उरते, ती ते आपखुशीने देते. आधी तिचे रक्त तपासतात. मग ते दूध 62.5 अंश उष्णतेवर अर्धा तास ठेवतात, म्हणजे जंतू मरतात आणि दुधाचा कस बराचसा टिकतो. पुन्हा तपासून ते गोठवून ठेवतात. देणारी कोणत्या जातीची, घेणारे बाळ कोणत्या धर्माचे, हे त्या बाटलीवर लिहिलेले नसते.

भगिनींनो, आपल्याला हे अगदीच नवे नाही. संभाजीराजांना कापूरहोळच्या धाराऊने दूध पाजले, हे आपण लहानपणापासून ऐकतो. आपल्याकडेही जावेचे मूल जावेने पाजल्याच्या गोष्टी आहेत. जुनी माया बाईंनी शास्त्राच्या शिस्तीत बसवली. मात्र तपासल्याशिवाय दुसरीचे दूध आता कोणी पाजू नये. त्यातून रोग जाऊ शकतो.

बाई पुढे त्याच रुग्णालयाच्या अधिष्ठाता झाल्या. बाळ वाचवायचे तर त्याची आई घरी सुखात हवी, हे जाणून 1999 साली त्यांनी ‘स्नेहा’ ही संस्था काढली. धारावीसारख्या वस्त्यांत ती माता-बालकांच्या आरोग्यासाठी आणि घरात मार खाणाऱ्या बायांसाठी काम करते. पुढे बाईंची स्वतःची मुलगी कर्करोगाने गेली. तिच्या नावाने 2017 साली असाध्य दुखणाईतांच्या सेवेचे केंद्र सुरू झाले. मुलांना वाचवण्यात जन्म घालवलेल्या बाईंनाही हे दुःख चुकले नाही. पण त्या दुःखातूनही त्यांनी दुसऱ्यांची सोय केली, हे मला फार मोठे वाटते.

सरकारनेही 1992 साली कायदा करून तान्ह्या बाळांच्या दुधाच्या डब्यांची जाहिरात बंद केली. आता सगळे डॉक्टर सांगतात, की बाळ जन्मल्यावर तासाभरात त्याला अंगावर घ्यावे, चीक थेंबभरही वाया घालवू नये आणि पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा देऊ नये.

आपले शहागड गोदाकाठचे गाव. मुंबई येथून लांब आहे, पण बाळंतपण घरोघरी तेच आहे. आपल्या मंडळात डोहाळजेवणे होतात, झोपाळा सजतो, ओटी भरतो, गाणी म्हणतो. या वर्षापासून ओटी भरताना त्या मुलीच्या कानात एवढे सांगू या, की पिवळा चीक टाकू नकोस. तिची सासू शेजारी बसलेली असेल, तिलाही सांगू या. मला हे सांगणारे तेव्हा कोणी नव्हते. म्हणून पहिले सांगण्याचे काम माझ्याकडे द्यावे, अशी मंडळाला माझी विनंती आहे.