एकदा होऊन गेला, म्हणजे सुटलो का?

"मला कोरोना होऊन गेलाय, आता काही होत नाही." हे वाक्य तुम्हीही कधीतरी ऐकलं असेल, कदाचित म्हटलंही असेल. आज बघू, इतिहास याबद्दल काय सांगतो.

देवीचा रोग एकदा येऊन गेला की माणूस सहसा जन्मभरासाठी सुटायचा. श्वासातून पसरणाऱ्या विषाणूंचं तसं नाही.

१९१८ घ्या. तेव्हा आपलं वाशिम वऱ्हाडातल्या अकोला जिल्ह्यात होतं. जूनमध्ये मुंबईत इन्फ्लुएन्झा आला, तो त्या मानाने सौम्य. सप्टेंबरपासूनची दुसरी लाट मात्र जीवघेणी निघाली. मध्य प्रांत आणि वऱ्हाड देशातल्या सर्वात जास्त होरपळलेल्या भागांपैकी एक. त्यात पावसानं दगा दिलेला, धान्य महागलेलं. पुढे संशोधकांनी परदेशातल्या लष्करी छावण्यांच्या जुन्या नोंदी तपासल्या. पहिल्या लाटेत आजारी पडलेल्यांना दुसरीत त्रास कमी झाला होता. म्हणजे संरक्षण मिळालं, पण मधे काही महिनेच गेले होते, आणि तेही सगळ्यांना पुरलं नाही.

आता २०२०. आयसीएमआरच्या संशोधकांनी दोनदा पॉझिटिव्ह आलेल्या १३०० जणांची माहिती तपासली. दोन चाचण्यांत किमान १०२ दिवसांचं अंतर आणि मधे एक निगेटिव्ह, ही अट लावली. ५८ जण त्यात बसले, म्हणजे ४.५ टक्के. मुंबईतही चार आरोग्य कर्मचाऱ्यांना दुसऱ्यांदा लागण झाल्याचं जनुकीय तपासणीतून दिसलं.

मग धोका कशानं वाढतो? एक, काळ: पहिल्या आजाराला जितके महिने उलटतात, तितकं संरक्षण उतरतं. दोन, विषाणूचं नवं रूप: ओमिक्रॉन आल्यावर जुना आजार झालेलेही पुन्हा सापडले. तीन, लस न घेणं किंवा मूळचीच कमजोर प्रतिकारशक्ती. आणि चार, संपर्क.

हा चौथा मुद्दा वाशिमकरांना वेगळा सांगायला नको. फेब्रुवारी २०२१ मध्ये रिसोड तालुक्यातल्या देगावच्या निवासी शाळेत २२९ विद्यार्थी पॉझिटिव्ह निघाले. ती दुसऱ्यांदाची लागण होती असं मी म्हणत नाहीये. पण एकाच छताखाली झोपणं, जेवणं, शिकणं असलं की विषाणूला किती वाव मिळतो, ते यात दिसलं. दवाखान्यात काम करणारे याच कारणानं पुन्हापुन्हा सापडतात.

थोडक्यात, होऊन गेलेला आजार म्हणजे मुदतीचा रिचार्ज, लाइफटाइम पॅक नव्हे. तुम्ही दोन दिवसांत बरे व्हाल, पण घरातल्या आजीचं तसं नसतं. खोकला असेल तर तिच्याजवळ जाताना मास्क लावा.

भेटू पुढच्या भागात!