एका रबरी नळीचा इतिहास : टर्बो इंजिन आणि पेट्रोलचा दाब

रेणुकामातेच्या गडाचा घाट चढताना गाडी कशी दम टाकते, हे माहूरकरांना वेगळं सांगायला नको. इंजिनाला सर्वात जास्त हवा आणि सर्वात जास्त इंधन लागतं ते अशाच वेळी. आज आपण बघणार आहोत, टर्बोच्या पेट्रोल गाडीत हा हिशोब कोण सांभाळतं.

स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखी यांनी 1905 साली टर्बोचं पेटंट घेतलं. बाहेर जाणाऱ्या गरम धुराने पंखा फिरवायचा आणि त्याच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबायची, ही कल्पना. पण हवा कोंबली की पेट्रोलही त्याच मापात वाढलं पाहिजे. खरी अडचण इथेच आहे.

1967 मध्ये बॉश कंपनीची डी-जेट्रॉनिक ही इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनची पद्धत फोक्सवॅगनच्या गाडीत आली. तिच्यात पेट्रोलचा दाब साधारण 2 बारवर कायम ठेवलेला असे. पुढे एल-जेट्रॉनिक आली आणि रेग्युलेटरला एक रबरी नळी जोडली गेली. नळीचं दुसरं टोक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जाते तिथे. रेग्युलेटरच्या आत पडदा आणि स्प्रिंग. मॅनिफोल्डमधला दाब पडद्यावर येतो आणि पेट्रोलचा दाब तेवढाच वरखाली होतो. इंजेक्टरच्या दोन्ही बाजूंमधला फरक मात्र तोच राहतो.

याचं महत्त्व आकड्यात पाहू. समजा पेट्रोलचा दाब 3 बारवर पक्का बांधला आणि टर्बोने 1 बार दाब दिला. आता इंजेक्टरला पेट्रोल ढकलायला उरले 2 बार. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात चालतो, म्हणून तेवढ्याच वेळात पेट्रोल सुमारे 18 टक्के कमी पडतं. तेही नेमकं हवा सर्वात जास्त असताना! मग इंजिन ठोकायला लागतं, पिस्टन तापतो, वितळतोसुद्धा. नळी जोडलेली असेल तर दाब 4 बार होतो आणि फरक 3 चा 3 राहतो.

आता जुळवणी कशी करायची? आधी रेलवर गेज लावायचा. इंजिन मंद चालू ठेवून रेग्युलेटरची नळी काढायची आणि मॅनिफोल्डकडचं तोंड बंद करायचं. मग स्क्रू फिरवून, इंजेक्टरला जो दाब नेमून दिलेला असेल, समजा 3 बार, तेवढा आणायचा आणि नट घट्ट करायचा. नळी परत लावली की काटा खाली आला पाहिजे, कारण मंद इंजिनात मॅनिफोल्डमध्ये निर्वात असतो. शेवटी भार देऊन बघायचं. टर्बो 0.7 बार देत असेल तर काटा 3.7 वर हवा. नाही चढला तर पंप कमी पडतोय, फिल्टर तुंबलाय किंवा नळी फुटलीय. नळीतून पेट्रोलचा वास आला, तर पडदा फाटला समजा. गाडी तिथेच थांबवा.

महाराष्ट्राशी याचा थेट संबंध आहे. मुंबईच्या टाटा मोटर्सने 2014 मध्ये झेस्ट गाडीत रेव्होट्रॉन नावाचं 1.2 लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन आणलं. त्यानंतर लहान टर्बो पेट्रोल गाड्या आपल्या गावातही दिसू लागल्या. आता पुष्कळ गाड्यांत रेग्युलेटर टाकीतच असतो, दाब कायम असतो आणि फरकाचा हिशोब संगणक करतो. इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा, ते तोच ठरवतो. म्हणजे नळी गेली, हिशोब राहिला.

म्हणून आमचं सांगणं एवढंच. जुन्या गाडीला बाहेरून टर्बो बसवून घेणाऱ्या तरुणांनी आणि ते बसवून देणाऱ्या मिस्त्रींनी आधी दाब मोजावा. गेज पिस्टनपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो, आणि घाटात भरलेली गाडी बंद पडली तर आत बसलेल्या माणसांचा जीव टांगणीला लागतो. आता प्रश्न असतील तर जरूर विचारा.