पुनरागमन, डोपिंगबंदीनंतरचे

उत्तेजक द्रव्यसेवनाबद्दल घातलेली बंदी संपल्यावर खेळाडूने पुन्हा स्पर्धेत उतरणे. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे ‘वाडा’च्या संहितेनुसार मुदत भरली की हा हक्क आपोआप परत मिळतो, कुणाकडे माफी मागावी लागत नाही. पण बंदी नुसत्या स्पर्धेपुरती नसते. संघाबरोबरचा सरावही बंद होतो आणि घरी बसूनही चाचणीसाठी नमुना द्यावाच लागतो. शेवटचे दोन महिने किंवा मुदतीचा शेवटचा चौथा हिस्सा, यांत जो काळ कमी, तेवढ्यापुरती सरावाची मुभा असते. चार वर्षांच्या बंदीत ती दोनच महिन्यांची.

महाराष्ट्राला हे कळले ते नरसिंग यादवमुळे. कांदिवलीच्या भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या (साई) केंद्रात घडलेला हा मल्ल २०११ ते २०१३ सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झाला. २०१५ मध्ये लास वेगासला त्याने ७४ किलोत जागतिक कांस्यपदक जिंकले आणि भारताला रिओ ऑलिंपिकची जागा मिळवून दिली. जून २०१६ मध्ये त्याच्या नमुन्यात मेथॅनडायनोन हे उत्तेजक सापडले. आपल्या खाण्यापिण्यात कुणीतरी ते मिसळले, हे त्याचे म्हणणे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे ‘नाडा’च्या समितीने १ ऑगस्टला मान्य केले, ‘वाडा’ने मात्र क्रीडा लवादाकडे दाद मागितली. १९ ऑगस्टला त्याची पहिली कुस्ती फ्रान्सच्या झेलिमखान खादजिएव्हशी होती. आदल्या रात्री, रिओतच, निकाल आला : घातपाताचा पुरावा नाही, चार वर्षे बंदी.

तेव्हा तो २७ वर्षांचा होता. मल्लाचे ऐन उमेदीचे वय तेच, आणि नियमातल्या चार वर्षांनी नेमके तेच नेले.

२०२० मध्ये बंदी संपली. करोनामुळे टोकियो ऑलिंपिक वर्षभर पुढे गेल्याने आशेला जागाही उरली होती. डिसेंबरात बेलग्रेडच्या विश्वचषकात तो पुन्हा गादीवर उतरला, पण पदक मिळाले नाही. टोकियोत ७४ किलोत भारताचा मल्लच नव्हता.

शिक्षा भोगलेल्याला आणखी अडवू नये, हे तत्त्व लवादाने २०११ मध्ये ठामपणे मांडले. सहा महिन्यांहून अधिक बंदी झालेल्यांना पुढचे ऑलिंपिक नाकारणारा आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचा नियम त्याने रद्द ठरवला. तो निर्णय योग्यच होता. प्रेक्षक मात्र लवादाचे ऐकत नाहीत. अमेरिकेचा धावपटू जस्टिन गॅटलिन चार वर्षांच्या बंदीनंतर २०१० मध्ये परतला. २०१७ मध्ये लंडनला १०० मीटरचा विश्वविजेता झाला, तेव्हा स्टेडियमने त्याची हुर्यो उडवली.

नरसिंगला मात्र कुस्तीगिरांनी २०२४ मध्ये भारतीय कुस्ती महासंघाच्या खेळाडू आयोगाचा अध्यक्ष निवडले.