प्रतिजैविकांची कसोटी : पिंपरी ते संभाजीनगर

बड्या गणपतीचे दर्शन घेऊन मल्हारगंजाच्या वाटेने राजवाड्याकडे निघालो, की औषधांची दुकाने लागतात. तेथे ‘सध्या दोनच कॅप्सूल द्या, ताप उतरला की पुढचे पाहू’ असे सांगणारी गिऱ्हाइके आम्ही पाहिली आहेत. आणि खोटे कशाला बोलावे, त्यांत कधीकाळी आम्हीही होतो. प्लेग भोगलेल्या शहरातील जुन्या घराण्यांना हे शोभत नाही. १९१७ च्या दिवाळीत पॅट्रिक गेडिस यांनी इंदुरात मिरवणूक काढून तीत प्लेगाचा उंदीर मिरवला आणि त्यानिमित्ताने घरे-गल्ल्या साफ करवून घेतल्या, ही हकीकत आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. तेव्हा झाडूवाचून हाती होते तरी काय?

जंतूंवरचे औषध आपल्या देशात मोठ्या प्रमाणावर बनू लागले ते पुण्याजवळच्या पिंपरीस. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने तेथे १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायॉटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि १९५५ पासून पेनिसिलिन तयार होऊ लागले. पण हा नुसता कारखाना नव्हता. तेथे मातीतील सूक्ष्मजीव वेगळे करून त्यांचे रस तपासले जात. १९६१ मध्ये एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जाहीर केलेले हॅमायसिन अशाच एका सूक्ष्मजीवाचे. त्याचे नावच मुळी ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना’. हॅमायसिन बुरशीवर चालते, जिवाणूंवर नव्हे. तरी शोधाची शिस्त तीच.

जिवाणूंवरील परीक्षेची रीत दिसायला साधी आहे. नळ्यांची एक ओळ मांडतात. पहिलीत औषध भरपूर, दुसरीत निम्मे, तिसरीत त्याच्याही निम्मे. प्रत्येकीत पोषक द्रव आणि मोजून घातलेले जंतू. रात्रभर उबेत ठेवून सकाळी पाहायचे : जंतू वाढले ती नळी गढूळ, वाढ खुंटली ती स्वच्छ. स्वच्छ राहिलेल्या शेवटच्या नळीतील मात्रा हे औषधाच्या शक्तीचे माप. जंतू निर्ढावले, की गढूळपणा अधिक औषधाच्या नळ्यांकडे सरकू लागतो. ‘प्रतिकार’ हा शब्द आपण वर्तमानपत्रात वाचतो. प्रयोगशाळेत तो असा डोळ्यांनी दिसतो.

तो दिसूही लागला फार लवकर. पेनिसिलिन निकामी करणारे द्रव्य जिवाणूंत असते, हे अब्राहम आणि चेन यांनी १९४० सालीच, म्हणजे ते औषध रुग्णांना मिळण्यापूर्वीच, दाखवले होते. १९५९ मध्ये मेथिसिलिन आले. दोन वर्षांच्या आत त्यालाही न जुमानणारे स्टॅफिलोकोकस ब्रिटनमध्ये सापडले. पुढे मोठ्या कंपन्यांनी या क्षेत्रातून एकेक करून पाय काढला. नवे प्रतिजैविक थोडे दिवस घ्यायचे आणि शक्यतो राखून ठेवायचे. त्यात नफा कसला?

अशा काळात वोखार्टच्या औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) संशोधनकेंद्रात नळ्यांच्या त्या ओळी चालूच राहिल्या, याची नोंद मराठी माणसाने ठेवायला हवी. तेथील लिव्होनॅडिफ्लॉक्सॅसिनला भारतात २०२० च्या आरंभी मान्यता मिळाली. मेथिसिलिनला दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकोकसवर ते चालते, आणि मधुमेहींच्या पायाच्या चिघळलेल्या जखमांसाठीही ते वापरता येते. सराफ्यातील जिलबीवर पोसलेल्या आम्हा इंदूरकरांना या जखमांची ओळख करून द्यायला नको. त्यानंतरचे नॅफिथ्रोमायसिन न्यूमोनियासाठी आहे. ते दिवसातून एकदा असे तीनच दिवस घ्यायचे असते.