रमच्या रंगावर जाऊ नका

काळी रम कडक आणि पांढरी रम सौम्य, हा समज आपल्याकडे चांगलाच रुजला आहे. ओल्ड मंकची सवय झालेल्यांना तर रम म्हटले की गडद तपकिरी रंगच आठवतो. प्रत्यक्षात उसाच्या रसापासून बनलेली असो वा साखर कारखान्यातील मळीपासून, ऊर्ध्वपातनानंतर बाहेर पडणारी रम पाण्यासारखी रंगहीनच असते. रंग येतो तो नंतर. ओकच्या पिंपात मुरताना, नाहीतर कॅरॅमल मिसळल्याने.

पिंपातील लाकूड रंगाबरोबर व्हॅनिला आणि मसाल्यांचा गंधही देते, कॅरॅमल मात्र प्रामुख्याने रंगच देते. त्यामुळे कोवळी रमही वयस्कर भासू शकते. याच्या उलट बकार्डीची पांढरी रम किमान वर्षभर ओकमध्ये मुरते आणि मग कोळशातून गाळून तिचा रंग काढला जातो.

चवीचे मूळ बरेचसे आंबवण्याच्या आणि ऊर्ध्वपातनाच्या पद्धतीत असते. जमैकात काही रमसाठी मळी दीर्घकाळ आंबवतात आणि जुन्या धाटणीच्या तांब्याच्या भांड्यांतून अर्क काढतात. त्यातून अतिपिकलेल्या केळ्या-अननसाचा उग्र दरवळ येतो. तेथील रे अँड नेफ्यू ओव्हरप्रूफ ही रम स्वच्छ पांढरी आहे, पण तिच्यात मद्यार्क 63 टक्के, म्हणजे आपल्याकडील 42.8 टक्क्यांच्या रमच्या जवळपास दीडपट! ‘व्हाइट रम’ एवढेच वाचून ती नेहमीच्या मापाने मोहितोत ओतली, तर पुदिना हरवेलच, पिणाराही लवकर डुलू लागेल. मार्टिनिकची उसाच्या ताज्या रसाची पांढरी रम आणखी निराळी. तिला हिरव्या गवताचा वास असतो.

डायकिरीत रम, लिंबू आणि साखर एवढेच असल्याने रमची निवड लपत नाही. तेथे ओल्ड मंक घातली, तर लिंबाचा तजेला व्हॅनिलाखाली दबतो. ‘डार्क अँड स्टॉर्मी’ या बर्म्युडाच्या पेयात मात्र काळ्या रंगाला मान आहे. जिंजर बीयरवर तरंगणारा रमचा थर हेच त्याचे रूप.

अमेरिकी बारमालक मार्टिन केट यांनी 2016 मधील आपल्या पुस्तकात रमची वर्गवारी रंगाऐवजी कच्चा माल, ऊर्ध्वपातनाची पद्धत आणि मुरवण यांवर केली. दुकानात बाटली घेतानाही आधी लेबलवरचा देश आणि मद्यार्काचा आकडा पाहावा, रंग नंतर.